चपला पायातच

आजोबांवर लेख लिहीत होतो. एक वाक्य कागदावर उतरलं : ‘आजोबा ओसरीवर आले, काठी भिंतीला टेकवली, टोपी खुंटीला अडकवली आणि चपला पायरीशी काढून ठेवल्या.’ मोठ्याने वाचलं आणि कानाला खटकलं. टेकवली, अडकवली. यमक जुळलं होतं आणि मला ते नको होतं.

मराठी गद्य लिहिणाऱ्याला हा त्रास रोजचा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळ म्हटला की आला, गेला, बसला, म्हणाला अशी रांगच लागते. पद्यात चरणाच्या शेवटी आलेला तोच ‘ला’ सुखावतो, कारण कान त्याची वाट पाहत असतो. गद्यात तो लागोपाठ आला की पत्र्यावर ठिबकणाऱ्या पाण्यासारखा वाजत राहतो.

‘पद्य’ हा शब्द पदापासून आला, म्हणजे चरणापासून. ‘गद्य’ आला ‘गद्’ धातूपासून, म्हणजे बोलण्यापासून. पद्याची पावलं ठरलेली असतात. ओवीच घ्या : तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. ती कुठे संपणार, हे सुरू होण्याआधीच ठाऊक असतं. गद्यात मात्र कुठे थांबायचं ते दर वाक्याला नव्याने ठरवावं लागतं. म्हणून छंद काढून घेतला की उरतं ते गद्य, हे मला कधीच पटलं नाही.

छंद राखणही करतो. एखादा शब्द गळला की ओवी लंगडते आणि चूक लगेच कळते. गद्याला असा राखणदार नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली, असं महानुभाव परंपरा सांगते. तिचे वेगवेगळे पाठ झाले ते त्यामुळे. चालीत बसवलं असतं तर ते सगळं अधिक सहज पाठ राहिलं असतं. पण चालीसाठी कुठेतरी स्वामींचा एखादा शब्द बदलावा लागला असता. म्हाइंभटांनी स्वामींचं बोलणं बोलण्यासारखंच ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं. त्या काळच्या पोथ्यांत आजच्यासारखी विरामचिन्हंही नव्हती. ती मराठीत रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी. तरीही लीळाचरित्रातली ती लहान लहान वाक्यं वाचताना कुठे थांबायचं ते कळतं. क्रियापद आलं की श्वास टेकतो.

माझ्या वाक्याचा श्वास मात्र चुकीच्या जागी टेकत होता. आधी नुसते शब्द बदलून पाहिले. ठेवली, लावली, उभी केली. पुन्हा तोच ठेका. मग कागद बाजूला सारला आणि ती दुपार आठवत बसलो. त्या दिवशी आजोबा बाजारात बैलजोडी विकून परतले होते. पायरीशी चपला काढल्याशिवाय ओसरीवर पाऊल न टाकणारा हा माणूस त्या दिवशी तसाच वर आला होता. टोपीही काढली नव्हती. मी लिहिली होती त्यांची रोजची सवय. काठी, टोपी, चपला अशी ओळीने लय जमत गेली आणि त्या लयीत मी ती दुपार विसरून गेलो.

वाक्य पुन्हा लिहिलं : ‘काठी भिंतीला टेकवून आजोबा ओसरीवर बसले. टोपी डोक्यावर, चपला पायातच.’

कवीला वृत्त अडवतं आणि त्या अडण्यातून कधी कधी त्याला स्वतःहून सुचला नसता असा शब्द सापडतो. गद्य लिहिणाऱ्याला अडवायला दोनच गोष्टी : आपला कान आणि घडलेली हकिकत. कानाने मला थांबवलं म्हणून मी हकिकतीकडे परत गेलो. यमक मोडायला बसलो होतो, दुरुस्त झाली ती आठवण.

‘पायातच’ नंतर क्रियापद घालावं का, यावर बराच वेळ अडून राहिलो. शेवटी नाही घातलं. त्या दुपारी आजोबाही काही बोलले नव्हते.