पानदानाचा तळ

अम्मीच्या इंतकालानंतर चाळिसाव्याला आम्ही तिघं भावंडं विट्याच्या घरी एकत्र बसलो. वाटून घ्यावं असं फार काही नव्हतंच. दागिने अम्मीनं हयातीतच लेकी-सुनांना देऊन टाकले होते. राहिलं होतं ते तिचं तांब्याचं पानदान. घुमटासारखं झाकण, आत कल्हई, कात-चुन्याच्या डब्यांचं तबक. “हे मोठीला द्या,” असं अम्मी सांगून गेली होती, म्हणून ते आपाबरोबर पुण्याला जाणार हे ठरलेलंच होतं. पण आपा निघायला चार दिवस होते आणि माझा जीव त्या डब्यात अडकला होता.

माझा मुलगा अकरावीत आहे. तो म्हणाला, “अम्मी, आपण याचं थ्रीडी स्कॅन करू. मामूंना पण पाठवता येईल.” भाईजान गलाईच्या धंद्यात, दूर केरळात. दुष्काळानं खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच एक.

स्कॅन म्हणजे काय, तर वस्तूभोवती फिरत मोबाईलनं शंभर-दीडशे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंतले सारखे ठिपके शोधून जुळवतं आणि त्यातून वस्तूचा आकार उभा करतं. पहिलं स्कॅन तासाभरात तयार झालं. पडद्यावर पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. हुबेहूब!

“थांब, आता टेबलावर ठेवून बघू,” मुलगा म्हणाला. त्याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, थोडक्यात एआर, म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा समोरचं टेबल दाखवतो आणि त्याच टेबलावर स्कॅन केलेली वस्तू ठेवल्यासारखी दिसते. आपण भोवती फिरलो, वाकलो, जवळ गेलो, तर खऱ्या वस्तूसारखीच तीही त्या त्या बाजूनं दिसते. आम्ही खरं पानदान ठेवलं आणि शेजारी हे. तेव्हा एकेक खोट बाहेर पडू लागली.

पहिली खोट मापाची. आमचं पानदान नऊ इंचांचं, शेजारचं बादलीएवढं! नुसत्या फोटोंवरून सॉफ्टवेअरला वस्तू लहान की मोठी हे कळत नाही. पुढच्या वेळी शेजारी माझी शाळेतली फूटपट्टी ठेवून फोटो काढले आणि पट्टीवरून माप बसवलं.

दुसरी खोट चकाकीची. झाकणाला एका बाजूला चक्क भोक पडलं होतं. खिडकीतलं ऊन तांब्यावर चमकत होतं, आणि आपण हललो की चमकही हलते. मग सॉफ्टवेअरला जुळणारा ठिपका सापडत नाही. मी खडूची बारीक पूड झाकणावर हलकेच भुरभुरली. भोक बुजलं, पण रंग पांढुरका आला. शेवटी पूड पुसून, ऊन उतरल्यावर पडवीतल्या सावलीत पुन्हा फोटो काढले. तेव्हा आकार आणि रंग दोन्ही बरे आले.

टेबलाची काच गुळगुळीत, त्यामुळे एआरमधलं पानदान जागा सोडून घसरत होतं. त्याला टेकायला जागेवर काही खुणा लागतात. नक्षीचा दस्तरखान अंथरला, तसं ते जागेवर बसलं.

तिसरी खोट मात्र माझ्या काळजाला लागली. खाली वाकून पाहिलं, तर तळ नव्याकोऱ्यासारखा साफ. आमच्या पानदानाच्या तळावर एक आकडा कोरलेला आहे. १९७२च्या दुष्काळात अब्बा खडी फोडायला जायचे. तेव्हा हे पानदान एका सावकाराकडे गहाण पडलं. त्यानं खिळ्यानं तळावर आकडा ओरखडला. दोन वर्षांनी ते सुटून आलं. कल्हईवाला दर वेळी म्हणायचा, “भाबी, हे घासून काढू का?” अम्मी म्हणायची, “ऱ्हाऊ दे.” फोटो काढताना पानदान टेबलावर बसलेलं, तळ कॅमेऱ्याला दिसलाच नाही. सॉफ्टवेअरनं तिथं आपल्या मनानं सपाट पत्रा भरून टाकला होता.

भाईजानला ते स्कॅन आधीच गेलं होतं. मी फोनवर हे सांगितलं, तर म्हणाला, “बरंच झालं की. पोरांना कशाला दाखवायची ती गहाणवट? असंच ठेव.” मी गप्प बसले. त्या वर्षांत शाळेत फी मागितली की तोंड लपवणारा तोच होता, मी तर जन्मलेही नव्हते.

रात्रभर विचार केला. सीरियातल्या पाल्मिराची, म्हणजे तदमूरची, प्राचीन कमान २०१५ मध्ये उद्ध्वस्त केली गेली. फोटोंवरून तिची संगमरवरी प्रतिकृती करून २०१६ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उभी केली. ती मूळ कमानीपेक्षा लहान होती, आणि काळानं दगडावर केलेल्या खुणा त्यात कुठून येणार, असं अनेकांनी विचारलं. इथं मूळ वस्तू अजून माझ्या हातात होती. नक्कल तपासायची वेळ मूळ घरात असेपर्यंतच असते. उद्या आपा गेली, की स्कॅन सांगेल तेच खरं ठरणार.

गलाईवाला सोन्याचा कस लावताना गिऱ्हाईकाचं तोंड बघत नाही. भाईजानचीच ही शिकवण. सकाळी पानदान उलटं करून तळाचे पुन्हा फोटो काढले आणि मुलानं दोन्ही बाजू जोडल्या. आता तळावर आकडा दिसत होता. मुलानं रंग काढून नुसता करडा आकार दाखवला, तर आकडा गायब! ओरखडा इतका उथळ, की तो फक्त रंगात आला, आकारात नाही. जेवढं साधलं तेवढं भाईजानला पाठवलं आणि लिहिलं, “जुनं हवं असेल तर जुनं ठेव. पण हे खरं आहे.”

उत्तर आलं नाही. आपा पानदान घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी रात्री उशिरा भाईजानचा फोन आला. दुकान बंद करून, टेबलावर ते पानदान ठेवून बसला होता म्हणे. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “त्यो शेवटचा अंक सात हाय का एक? नीट कळंना झालंय.”

मलाही आठवेना. तिथल्या तिथं आपाला फोनवर जोडून घेतलं. तिनं कपाटातून पानदान काढलं, उलटं केलं आणि तळावर बोट फिरवलं.

“सात,” ती म्हणाली.

मग आम्ही तिघं बराच वेळ अम्मीबद्दल बोलत राहिलो.