भाड्याची गाडी आणि पेढीची शिस्त

व्यापारी कुटुंबांच्या परदेश प्रवासाची रीत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली आहे. पूर्वी यात्रा कंपनीची बस, सोबत आपल्या पद्धतीचे जेवण करणारा महाराज आणि हातात झेंडी घेऊन पुढे चालणारा मार्गदर्शक, एवढ्यावर युरोप पाहून होत असे. आता मुले-सुना स्वतःच तिकिटे काढतात, स्वयंपाकघर असलेले घर आठवड्याच्या बोलीने घेतात आणि हिंडण्यासाठी भाड्याची मोटार ताब्यात घेतात. यामागे केवळ हौस नाही. ज्या घरात कंदमुळे वर्ज्य आहेत, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे आहे आणि सोबत वडीलधारी माणसे आहेत, त्या घराला दुसऱ्याच्या वेळापत्रकाने धावणारी बस अडचणीची ठरते. हाताशी गाडी असली की वेळ आपल्या स्वाधीन राहते. परंतु ती गाडी परक्याची अमानत असते, याचा विसर मात्र फार लवकर पडतो.

सांगलीतील हळदीची अडत करणारे एक कुटुंब अशाच रीतीने इटलीला गेले. सत्तरी ओलांडलेले अण्णा, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात अशी पाच माणसे. मुलाने रोम, व्हेनिस आणि स्वित्झर्लंड असा बेत मांडला होता. अण्णांनी त्यात एका अपरिचित गावाचे नाव घातले. ते गाव म्हणजे टस्कनी प्रांतातील सानसेपोल्क्रो. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंनी हिशेब लिहिण्याची पद्धत ज्याने छापील ग्रंथातून प्रथम सविस्तर मांडली, त्या लुका पाचोलीचे ते जन्मगाव. त्याचा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिसला छापला गेला. पन्नास वर्षे रोजकीर्द आणि खतावणी लिहिलेल्या माणसाला ते गाव पाहावेसे वाटले, यात नवल नव्हते. तेथे फ्लॉरेन्सहून थेट रेल्वे जात नाही. त्यामुळे स्वित्झर्लंड वगळले गेले आणि टस्कनीतल्या आठ दिवसांसाठी गाडी ठरली.

गाडीची तयारी सांगलीतच सुरू झाली. इटलीत भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. मुलाबरोबर सुनेनेही तो काढला. दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालण्यासाठी रोजचे वेगळे पैसे पडतात, असे कळल्यावर अण्णांनी विचारले, "हा खर्च हवाच का?"

सून म्हणाली, "अण्णा, आठ दिवस एकट्यानं चालवायचं म्हटलं तर ते थकतील. आणि नाव नसताना मी चालवली आणि काही झालं, तर विमा पाठीशी उभा राहत नाही." अण्णांनी पुन्हा तो विषय काढला नाही. सुनेने आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. रात्रभर जागून उतरलेल्या माणसाने परक्या रस्त्यावर गाडी चालवायची नाही. पहिली रात्र फ्लॉरेन्समध्ये काढायची आणि गाडी सकाळी घ्यायची.

दुसरी तयारी पैशांची. भाडे आधी भरलेले असले, तरी गाडी देताना कंपनी अनामत म्हणून मोठी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवते. ते कार्ड सहसा मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. परकीय चलनाचे आगाऊ भरलेले कार्ड या कामी बहुधा चालत नाही. रक्कम खर्च होत नाही, पण गाडी परत केल्यावर ती मोकळी होण्यास काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तेवढी मर्यादा कार्डावर शिल्लक नसेल, तर आरक्षण हातात असूनही किल्ली मिळत नाही. मुलाने पेढीच्या व्यवहाराचे कार्ड घरी ठेवून स्वतःच्या नावाचे, पूर्ण मर्यादा मोकळी असलेले कार्ड घेतले होते.

खरी परीक्षा खिडकीपाशी असते. मागे रांग उभी, मूल कंटाळलेले, समोर काचेच्या पाटीवर बोटाने सही मागणारा तरुण. बाजारात पोते टोचून मूठभर हळद तळहातावर घेतल्याशिवाय ज्याने कधी भाव बोलला नाही, तो व्यापारीसुद्धा येथे न वाचता सही करतो. मुलाचा हात पुढे गेला तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारायला लावला. "गाडीला काही झालं, तर आपल्या अंगावर किती येणार?"

त्या एका प्रश्नाने कराराचे पोट उघडे झाले. इटलीत रस्त्यावरील दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच बंधनकारक असतो आणि तो भाड्यात धरलेला असतो. प्रश्न असतो भाड्याच्या गाडीचा स्वतःचा. तिच्या नुकसानीपासून संरक्षण असले, तरी एका ठराविक रकमेपर्यंतचा भार भाडेकरूनेच सोसायचा असतो. त्यातही काचा, टायर, छत आणि गाडीचा तळ अनेकदा वगळलेले असतात. तो भार उतरवण्यासाठी कंपनी रोजच्या हिशेबाने जादा संरक्षण विकते. ते घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि धीराचा प्रश्न आहे. या कुटुंबाने ते घेतले नाही, पण काय घेतले नाही हे जाणून सही केली. कार्डाच्या यंत्राने रक्कम रुपयांत घ्यावी की युरोत, असे विचारले, तेव्हा मुलाने युरो निवडला. रुपये निवडले असते, तर विनिमयाचा दर यंत्रामागच्या कंपनीने ठरवला असता आणि तो बहुधा महागच पडतो.

मग माल ताब्यात घेण्याचे काम झाले. पेढीवर आलेली गाडी उतरवून घेताना वजन आणि पोती मोजली जातात, तशी या मोटारीची चारही अंगे, चाके, काचा, इंधनाचा काटा आणि धावलेले किलोमीटर यांची छायाचित्रे घेतली गेली. कागदावर नसलेला एक ओरखडा सापडला. तो कर्मचाऱ्याकडून लिहून घेतला. नातीसाठी आसन बसवून घेतले, कारण तेथे १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते सक्तीचे आहे. झाकणावर पेट्रोल की डिझेल हे पाहून ठेवले. इटलीत पेट्रोलला 'बेंझिना' आणि डिझेलला 'गासोलियो' म्हणतात. पहिला शब्द ओळखीचा वाटत असला, तरी दुसरा गॅसोलीन म्हणजे पेट्रोल असावे असा चकवा देतो.

रस्त्यावर पहिला दिवस अवघड गेला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वळण्याचा दिवा सुकाणूच्या उजव्या हाताला असतो, तिकडे तो डावीकडे. त्यामुळे प्रत्येक वळणावर दिव्याऐवजी काच पुसणारे वायपर हलू लागत आणि नात हसत सुटे. चालक डावीकडे बसत असल्यामुळे गाडीची उजवी बाजू किती पसरली आहे याचा अंदाज येत नाही आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. वेगाची मर्यादा महामार्गावर १३०, साध्या बाहेरच्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीत ५० किलोमीटर. गाव सुरू झाल्याची पाटी हीच ५० ची पाटी असते, वेगळी सूचना असेलच असे नाही. महामार्गावर शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. पिवळ्या पाटीची रांग आपल्या फास्टॅगसारखी यंत्रणा लावलेल्यांसाठी राखीव असते, तिच्यात शिरायचे नाही.

सगळ्यात मोठा सापळा जुन्या शहरांच्या वेशीवर असतो. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, लुक्का अशा अनेक शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय खासगी गाडी नेता येत नाही. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि वर एक कॅमेरा, एवढाच पहारा. काही ठिकाणी पाटीवर 'वार्को अत्तीवो' अशी अक्षरे उमटतात. त्याचा अर्थ फाटक कार्यरत आहे, म्हणजे निर्बंध चालू आहे. परका चालक मात्र फाटक उघडे आहे असे समजून आत जातो. जितक्या वेळा आत, तितके दंड. या कुटुंबाने साधा नियम केला. गाडी शहराबाहेर ठेवायची आणि पायी किंवा बसने आत जायचे. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ म्हणजे फुकट जागा, निळी म्हणजे पैसे देऊन आणि पिवळी म्हणजे राखीव, हे नातीने सर्वांआधी पाठ केले.

अशा रीतीने ते प्रथम फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावी गेले. तेथे १४१० मध्ये वारलेल्या फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याचे घर आहे. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि शेकडो हिशेबवह्या मागे राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा उजेडात आल्या. तो आपल्या वह्यांवर देवाचे आणि नफ्याचे नाव एकत्र लिहीत असे. वहीपूजनाला श्री लिहून शुभ-लाभ मांडणाऱ्या अण्णांना त्याचे नवल वाटले नाही, आनंद वाटला. दातिनीने आपली बहुतेक संपत्ती गावातील गरिबांसाठी ठेवली, हे ऐकून आजी त्या घराच्या अंगणात थोडा वेळ बसून राहिल्या. दोन दिवसांनी सानसेपोल्क्रोला अण्णांनी पाचोलीचा पुतळा पाहिला आणि नातीला समजावले की या माणसाने तीन वह्या सांगितल्या. एक घाईची कच्ची, एक रोजची आणि एक खात्यांची. "म्हणजे आपल्या दुकानासारख्याच?" तिने विचारले. "तशाच," अण्णा म्हणाले.

त्याच संध्याकाळी मुक्कामाच्या घराकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर गाडी उजवीकडे सरकली आणि पुढचे चाक दगडी कडेला घासले. चालवत मुलगा होता. चाकाच्या धातूवर वीतभर चरा उमटला. पुढे दोन दिवस पाऊस झाला आणि चिखलाने तो चरा झाकला गेला.

गाडी परत करण्याचा दिवस आला. कार्यालय उघडण्यापूर्वी गाडी आवारात उभी करून किल्ली पेटीत टाकण्याची सोय होती. मुलगा म्हणाला, "अण्णा, चिखल आहे. कुणी बघणारही नाही. किल्ली टाकू आणि विमानापूर्वी दोन तास शहर पाहू." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. कार्डावर अडकलेल्या रकमेची धास्ती होती, आणि जादा संरक्षण न घेण्याचा निर्णय आपलाच, हा सल होता.

अण्णा म्हणाले, "त्यांनी आज पाहिलं नाही, तर उद्या दुसऱ्याला गाडी देतील. तो आपल्यासारखे फोटो काढणारा नसला, तर हा चरा त्याच्या नावावर पडेल. आपला ओला माल कोरड्यात मिसळून दुसऱ्याच्या माथी मारायचा का?"

मुलगा काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी लपली नाही. सुनेने बाटलीतले पाणी ओतून चाक धुतले. कार्यालय उघडेपर्यंत पाचही जण सामानावर बसून राहिले. कर्मचाऱ्याने चरा पाहिला, मोजला, तक्त्यातला दर दाखवला आणि रक्कम अनामतीतून वळती केली. ती लहान नव्हती. प्रामाणिकपणाबद्दल कोणी सूटही दिली नाही. अण्णांनी गाडी तपासून परत घेतल्याची लेखी पावती मागितली, तिच्यावर इंधन भरलेले असल्याची आणि दुसरे कोणतेही नुकसान नसल्याची नोंद करून घेतली. पेटीत किल्ली टाकली असती, तर ही पावती मिळाली नसती आणि तपासणी होईपर्यंतची जोखीम भाडेकरूच्याच डोक्यावर राहिली असती. मुलाने ही गोष्ट विमानात, बऱ्याच वेळाने, स्वतःहून बोलून दाखवली.

तरीही व्यवहार तेथे संपत नाही, हे प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. वाहतुकीचा दंड झाला असेल, तर पोलीस आधी कंपनीकडे चौकशी करतात. कंपनी चालकाचे नाव कळवते आणि त्या कामाचे शुल्क कार्डातून घेते. हे शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंडाची नोटीस वेगळी येते. परदेशात राहणाऱ्याला ती पाठवण्यास इटलीच्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे. अशी नोटीस हातात आल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले, तर बहुतेक दंडांत ३० टक्के सवलत मिळते. म्हणून करार, पावती आणि छायाचित्रे वर्षभर सांभाळून ठेवावीत आणि कार्डाचा मासिक हिशेब तपासत राहावा.

सांगलीच्या त्या घरी सात महिन्यांनी एक नोटीस आली. एका खेड्यात ५० च्या जागी गाडी ६१ ने गेली होती. मुलाने कागद आणि तारीख पडताळली, तिसऱ्या दिवशी रक्कम भरली आणि पावती अण्णांच्या हाती दिली. अण्णांनी खतावणीतले इटलीचे खाते अजून बंद केले नव्हते. चाकाच्या रकमेखाली त्यांनी ही रक्कम लिहिली आणि मुदतीचे उरलेले दिवस मोजून ते पान तसेच उघडे ठेवले.