दहा फुटांवरची टोपली

मुंबईला जाऊन आलो म्हटलं की लोक काय विचारतात? गेटवे पाहिलं का? चौपाटीवर भेळ खाल्ली का? राणीच्या बागेत गेला होता का? गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझा भाचा मुंबईला जाऊन आलो आणि यातलं एकही केलं नाही. राणीची बाग जिथं आहे त्या भायखळा स्टेशनावर आम्ही उतरलो खरे, पण बागेकडे चक्क पाठ फिरवली आणि उलट्या दिशेला चालू लागलो. का, ते सांगतो.

हा माझा भाचा धुळ्याला राहतो, आठवीत आहे. प्रार्थनेच्या रांगेत त्याचा नंबर पुढून दुसरा. म्हणजे उंचीनं किती असेल, ते तुम्हीच ओळखा! पण वेड कशाचं? तर बास्केटबॉलचं. शाळेचा संघ निवडायच्या दिवशी सरांनी मुलं भिंतीला टेकवून उभी केली आणि वरून खाली नजर टाकली. त्याला म्हणाले, ‘‘तू आपला क्रिकेट खेळ.’’ झालं! स्वारी दोन दिवस धड जेवली नाही. ताईचा मला जळगावला फोन आला, ‘‘तूच काय ते बघ बाबा याचं.’’

मी म्हटलं, ‘‘त्याला नागपाड्याला नेतो.’’

‘‘नागपाड्याला?’’ ताई ओरडलीच. ‘‘अरे, पेपरात काय काय छापून येतं त्या भागाबद्दल! पोराला घेऊन तिकडे कशाला?’’

पेपरात येतं ते काही अगदीच खोटं नसतं. पण पेपरात सगळंच येतं, असंही नाही ना! भारताच्या बास्केटबॉलचा इतिहास लिहायला बसलात, तर मुंबईतल्या या एवढ्याशा मोहल्ल्याला वगळून पुढं जाताच येत नाही. ताईला हे पटवायला मला पाऊण तास लागला.

मी जळगावहून गाडीत बसलो. भाचा धुळ्याच्या गाडीनं चाळीसगावला येऊन थांबला होता. गाडी थांबताच पिशवी सांभाळत डब्यात चढला. पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा आणि डझनभर केळी. खान्देशी माणूस प्रवासाला निघाला की निम्मं सामान खाण्याचंच असतं!

चाळीसगाव सुटलं तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘‘याच तालुक्यातलं सायगाव बगळी ऐकलंयस? विजय चौधरी तिथला. 2014, 2015 आणि 2016, लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी! आता सांग, पैलवान कुठे तयार होतो?’’

‘‘तालमीत,’’ तो म्हणाला.

‘‘बरोबर. तालीम म्हणजे काय? लाल माती, एक वस्ताद आणि रोज पहाटे येणारी पोरं. आज आपण बास्केटबॉलची तालीम बघायला चाललोय.’’

मनमाड गेलं, नाशिक रोड गेलं, इगतपुरी आलं. तोवर मी त्याला या खेळाच्या जन्माची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ती आहेच मोठी गमतीची.

1891 सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची एक शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून पोरं आत कोंडलेली. नुसत्या कवायतीला ती कंटाळून गेली होती आणि भयंकर दंगा करत होती. जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकावर काम आलं : चार भिंतींच्या आत खेळता येईल, पण ज्यात हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ शोधून काढ. त्यानं पीच नावाची फळं ठेवायच्या दोन टोपल्या घेतल्या आणि सज्जाच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठडा होता जमिनीपासून दहा फुटांवर. म्हणून आजही जगभर बास्केटची रिंग दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवरच असते! वर्गात मुलं अठरा, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. नियम लिहिले तेरा. चेंडू फुटबॉलचाच. आणि टोपलीला बूड होतं बरं का! दरवेळी चेंडू आत पडला की कुणीतरी वर जाऊन तो काढायचा.

‘‘मग टोपलीचं बूडच कापून टाकायचं ना!’’ भाचा म्हणाला.

बघा, आठवीतल्या पोराला जे लगेच सुचलं, ते तिथं व्हायला काही वर्षं जावी लागली.

वायएमसीएच्या शाखा जगभर होत्या. त्यांच्याबरोबर हा खेळ जहाजात बसून देशोदेशी गेला, तसा आपल्याकडेही आला. 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं, 1934 मध्ये दिल्लीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1950 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. आता पाच-पाच जणांचे संघ असतात. दहा-दहा मिनिटांचे चार डाव होतात, आणि चेंडू हातात आला की 24 सेकंदांत तो रिंगकडे मारावाच लागतो.

दादरला उतरून आम्ही धीमी लोकल पकडली. परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळा. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलो. रस्त्यावर हातगाड्या, बेकऱ्यांतून येणारा पावाचा खमंग वास, जुन्या लाकडी गॅलऱ्यांच्या चाळी, मशिदी. वाटेत एक उंच मनोऱ्याची निळी इमारत दिसली. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, डेव्हिड ससून यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. एके काळी या भागात ज्यू कुटुंबंही पुष्कळ होती. गिरण्या आणि गोदी फार लांब नव्हत्या. त्यामुळे पोटासाठी मुंबईत आलेली नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसं इथं एकमेकांना खेटून राहिली.

अशा वस्तीत 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आले. ते ज्या संस्थेकडून आले तिचं नाव ऐकून तुम्ही चमकाल : अमेरिकन मराठी मिशन! त्यांनी इथं ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ काढलं. नेबरहुड हाउस म्हणजे शेजारपाजाऱ्यांचं घर. कुणीही यावं, वाचावं, शिकावं, खेळावं. समाजसेवा करायची तर ती शिकूनच करायला हवी, हा विचार पुढं इथंच रुजला. 1936 मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं एक महाविद्यालय निघालं, त्याचे पहिले वर्ग याच नागपाड्यात भरले. आज आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो.

आणि याच घराच्या अंगणातून बास्केटबॉल नागपाड्याच्या गल्ल्यांत शिरला.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत क्रिकेटचा एवढा बोलबाला. मग इथंच हा खेळ का रुजला? त्याचं उत्तर जागेत आहे. बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. करा गुणाकार! 420 चौरस मीटर. शेतकऱ्याच्या पोरांनो, म्हणजे जेमतेम चार गुंठे. पाच बाय पाच फुटांवर लावलीत, तर एवढ्या जागेत केळीची एकशे ऐंशी खोडं बसतील. जिथं एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात, तिथं क्रिकेटला जागा कुठून आणणार? पण चार गुंठे मिळाले, दोन खांब उभे राहिले, आणि पोरांना खेळ मिळाला.

त्या चार गुंठ्यांतून पीक काय आलं? अब्बास मुंतसिर हे नाव लिहून ठेवा. नागपाड्याच्या गल्लीतला हा मुलगा भारताचा कर्णधार झाला आणि 1970 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच्यामागून या वस्तीतून एकेक करत अनेक खेळाडू मुंबईच्या, महाराष्ट्राच्या आणि भारताच्या संघात गेले. खेळाच्या जोरावर कितीतरी पोरांना नोकऱ्या लागल्या, घरं उभी राहिली.

इथल्या एका मैदानाला बच्चू खान यांचं नाव आहे. हे कुणी मंत्री नव्हेत की सरदार नव्हेत. ते बास्केटबॉल शिकवायचे, नागपाड्याची पोरं घडवायचे. मैदानाला वस्तादाचं नाव! आपल्या गावात असं एखादं मैदान आहे का, आठवून पाहा.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मैदानाच्या कठड्याला टेकून म्हातारे गप्पा मारत बसले होते. आत पंचवीस-तीस मुलंमुली. कुणाच्या पायात चांगले बूट, तर कुणाच्या पायात अंगठा बाहेर आलेले. एक पांढऱ्या दाढीचे काका शिट्टी घेऊन मधे उभे. त्यांच्यासोबत ऑफिसातून थेट आलेले, डब्याची पिशवी कोपऱ्यात टाकून पोरांना शिकवणारे दोन-तीन मोठे खेळाडू. हे दृश्य मला फार आवडलं. काल जो शिकला, तो आज शिकवतो. तालमीतही हेच नाही का?

मी काकांना सांगितलं, ‘‘धुळ्याहून आलोय. याला संघातून काढलंय. उंची कमी म्हणून.’’

काकांनी त्याच्या उंचीकडे पाहिलंच नाही. त्याच्या पायांकडे पाहिलं. मग चेंडू त्याच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘चल बेटा, इधर से उधर. सिर्फ बायाँ हाथ. और गेंद को देखना नहीं.’’

बस्स! पाऊण तास तेच. चेंडू आपटत जायचं, आपटत यायचं. भाच्याचा चेंडू दर चार पावलांना पायावर आपटून पळायचा. शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, वेणी उडवत, डाव्या हातानं चेंडू खेळवत त्याच्या भोवतीनं सुळकन निघून जायची. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. भाच्याचा चेहरा लाल झाला. शेवटी तो म्हणाला, ‘‘काका, बास्केट कधी मारायची?’’

काका हसले. ‘‘पहले वहाँ तक पहुँचेगा तो मारेगा ना?’’

नंतर चहा पिताना काकांनी त्याला समजावून सांगितलं. उंच खेळाडू रिंगखाली लागतो, हे खरं. पण त्याच्यापर्यंत चेंडू नेणारा कुणी लागतो की नाही? त्याला गार्ड म्हणतात. त्याचे डोळे समोर हवेत, दोन्ही हात सारखे चालायला हवेत, आणि चेंडू जमिनीजवळ ठेवता यायला हवा. जमिनीजवळचा चेंडू उंच माणसाला काढून घेणं फार कठीण. अमेरिकेच्या एनबीएमध्ये मग्सी बोग्स नावाचा खेळाडू चौदा हंगाम खेळला. उंची किती? फक्त पाच फूट तीन इंच!

परतीच्या गाडीत भाच्याचं तोंड थांबेना. मग मी त्याला दूरच्या एका मोहल्ल्याची गोष्ट सांगितली. जर्मनीत गावोगावी खेळाची मंडळं असतात. तिथली मुलं शाळेच्या संघापेक्षा अशा मंडळांतूनच घडतात. वुर्झबर्ग नावाच्या शहरातल्या अशाच एका मंडळात डर्क नोवित्स्की खेळायचा. होल्गर गेश्विंडनर नावाच्या जुन्या खेळाडूनं त्याला पाहिलं आणि व्यायामशाळेत वर्षानुवर्षं घासून घेतलं. 1998 मध्ये नोवित्स्की अमेरिकेला गेला, एकाच संघाकडून 21 हंगाम खेळला आणि 2011 मध्ये त्यानं डॅलसला अजिंक्यपद मिळवून दिलं. त्याच डॅलसनं 2015 मध्ये पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला निवडलं. एनबीएच्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. प्रत्यक्ष एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

खरं सांगायचं तर या खेळात आपल्या देशाला अजून पुष्कळ मजल मारायची आहे. 1975 च्या आशियाई स्पर्धेत आपण चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा संघ एकदाच खेळला, 1980 मध्ये मॉस्कोला, आणि सगळे सामने हरला. पण मुलींनो, तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची!

आता तुम्ही विचाराल, भाच्याला संघात घेतलं का? नाही. संघ तर आधीच ठरला होता. पण ताई सांगते, पहाटे साडेपाचला अंगणात धप्-धप् आवाज सुरू होतो आणि शेजारचे आजोबा खिडकी लावून घेतात. वाड्याच्या मागच्या भिंतीवर वेल्डरकडून करून आणलेली लोखंडी रिंग बसली आहे. मी टेप लावून मोजली. बरोबर दहा फूट. मी म्हटलं, ‘‘अरे, जरा खाली लावायची होतीस.’’ तर म्हणतो कसा, ‘‘मामा, तिकडे खाली असते का?’’

दोस्तांनो, आता तुमच्यासाठी एक काम. आपल्या गावात, आपल्या पेठेत मोकळं मैदान किती उरलंय, ते एका रविवारी पायी हिंडून मोजा. जळगावकरांनी जळगावातलं मोजावं, धुळेकरांनी धुळ्यातलं. कुठं गाड्या लावलेल्या दिसतील, कुठं मांडव, कुठं विटांचा ढीग. चार गुंठे जरी मोकळे सापडले, तरी आईबाबांना तिथं घेऊन जा आणि ते दाखवा. कुणाच्या अंगणात कुठलं पीक निघेल, ते काय सांगावं!