डाव्या हाताचा माऊस

कल्याण पूर्वेच्या आमच्या अभ्यासिकेत सध्या तीन लॅपटॉप आहेत. तिन्ही जुने. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा अनेक कचेऱ्यांनी जुनी यंत्रे काढून टाकली. त्यातली ही तीन ठाण्याच्या एका समाजबांधवाने स्वस्तात मिळवून दिली. त्यांवर आम्ही उबुंटू ही लिनक्सची मोफत प्रणाली चढवली. लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. तो कोणीही वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. वर्गणीवर चालणाऱ्या अभ्यासिकेला आणखी काय हवे?

यंत्रे चालू झाली, पण मुले वैतागली. टाइप करताना तळहात टचपॅडला लागे आणि बाण भलतीकडे उडे. शिष्यवृत्तीच्या अर्जात नावाचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर ते दाखल्याशी जुळत नाही. मग दुरुस्तीच्या फेऱ्यांत आईची किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तीन माऊस आणले, वायरचे. बिनवायरीच्या माऊसला सेल लागतो, आणि यूएसबीत खोचायचा त्याचा नखाएवढा तुकडा हरवला की तो माऊस निकामी.

जोडणीत अवघड काहीच नाही. खोचला की चालतो. साधे यूएसबी माऊस एकाच ठरलेल्या रीतीने संगणकाशी बोलतात आणि ती रीत लिनक्सला आधीच ठाऊक असते. मग ‘सेटिंग्ज’मध्ये ‘माऊस अँड टचपॅड’ उघडावे. तेथे टचपॅड बंद करता येतो; मात्र माऊस चालतो आहे हे पाहूनच बंद करावा. बाण फार पळत असेल तर तेथेच वेग कमी करावा. काचेच्या टेबलावर माऊस अडखळतो, खाली वही ठेवली की सरळ चालतो.

आमच्याकडे अकरावीची एक मुलगी येते, डावखुरी. माऊस उजव्या हातात धरून तिची धडपड चालली होती. विचारले तर म्हणाली, “डावा हात पुढे केला की आजी ओरडते. अशुभ म्हणते.” वाचकहो, अशुभ ठरवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांइतके कोणाला ठाऊक? तोच शब्द आपण आपल्या लेकीच्या हाताला लावावा?

त्याच पानावर ‘प्रायमरी बटन’ आहे. तेथे ‘राइट’ निवडले की दोन्ही बटणांची अदलाबदल होते. माऊस डावीकडे घेतला आणि पोरगी सुटली. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली अमेरिकेत पहिला माऊस बनवला, तो लाकडी ठोकळा होता, खाली दोन चाके, वर एकच बटण. त्याला कसले डावे नि उजवे!

पण तिच्यानंतर त्याच यंत्रावर बसणाऱ्या मुलाची बटणे उलटी पडली. तेव्हा तिच्या नावाचे वेगळे खाते उघडले, कारण ही मांडणी ज्याच्या-त्याच्या खात्यापुरतीच राहते. खाते तिनेच उघडले, आम्ही फक्त शेजारी उभे होतो.

शिष्यवृत्तीचा अर्जही तिने स्वतःच भरला. त्या दिवशी आजी सोबत आल्या होत्या. नात डाव्या हाताने माऊस फिरवत होती, त्या पाहत होत्या. हाताबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढेच विचारले, “यात आईचं नाव कुठं लिहायचं गं?”