तळीराम, सुधाकर आणि आजीची डबी

नवीन वर्षाच्या पहिल्याच वीकेंडला जालन्याला घरी गेलो होतो. टीपॉयवर एक तारखेचा पेपर पडला होता. मथळा दरवर्षीचाच, तळीरामांची झिंग पोलिसांनी उतरवली वगैरे. मोठ्याने वाचला, सगळे हसले. त्याच पानावर खाली 'मद्यधुंद तरुणीचा धिंगाणा'. तिच्या ड्रेसचा रंगसुद्धा दिला होता! तळीरामांचे शर्ट कुठल्या रंगाचे होते ते कोणी लिहीत नाही.

झालं, डोक्यात चक्र सुरू. (इंजिनिअरला सुट्टीत दुसरं काय काम?) हा तळीराम गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला. १९१९ साली नाटक रंगभूमीवर आलं. त्यात दारू वकील सुधाकरही पितो आणि त्याचा कारकून तळीरामही. पण वकिलाच्या वाट्याला शोकांतिका आणि कारकुनाच्या वाट्याला विनोद. शंभर वर्षांनंतर पेपरवाल्यांनी मथळ्यासाठी नाव उचललं ते कारकुनाचं. 'सुधाकरांची झिंग उतरली' असं कधी वाचलंय?

आणि बाई? ती सिंधू. बालगंधर्वांनी गाजवलेली, सोसणारी. व्यसनाच्या गोष्टीत बाईने रडायचं असतं, तिच्यावर नुसता संशय आला तरी खेळ संपला. २०१८ मध्ये 'संजू' आला, संजय दत्तच्या ड्रग्जच्या दिवसांवर आपण थेटरात डोळे पुसले. २०२० मध्ये रिया चक्रवर्तीला अटक झाली तेव्हा चॅनेलवाले गाडीमागे धावत होते आणि ती बंगाली म्हणून 'काळ्या जादू'पर्यंत लोकांची मजल गेली. तिला पुढच्याच महिन्यात हायकोर्टाने जामीन दिला, ते किती जणांना आठवतं कोण जाणे. असो.

हे सगळं मी तावातावाने आईला सांगत होतो. आजी कोपऱ्यात बसून बोटाने मिसरी घासत होती.

तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो खमंग वास म्हणजे माझं अर्धं लहानपण. आमच्या काकांची दारू हा घरातला मोठा विषय. धंद्यात खोट आली, बिचारा खचला, मग पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला... पाहुण्यांना सांगताना अजूनही आत्याचा आवाज बदलतो. आजीची मिसरी मात्र कुणाच्याच गोष्टीत नाही. सकाळ, दुपार, रात्र, आणि मध्ये कधी मिळाली नाही तर तिचं डोकं धरतं. मी एकदा म्हटलंही होतं, तर म्हणाली, "नशा कशाची रे बाबा? दात घासते मी."

शनिवारी तिची दाढ दुखायला लागली म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गालाच्या आत टॉर्च मारला, एक पांढरा चट्टा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तंबाखू वगैरे काही?"

"छे छे, आजी काहीच घेत नाही," मी सांगून मोकळा. आदल्या दिवशी एवढं भाषण ठोकलेला मी!

आजीने माझ्याकडे पाहिलं, कमरेची पिशवी सोडली आणि डबी टेबलावर ठेवली.

तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट मंगळवारी.