डाय

सीटी स्कॅनच्या खोलीत शिरलं की नजर त्या मोठ्या पांढऱ्या कड्याकडे जाते. पेशंट घाबरतो तेही त्यालाच. खरी ओळख करून घ्यायला हवी ती बाजूच्या लहानशा बाटलीतल्या ऐवजाशी. चिठ्ठीवर त्याचं नाव ‘कॉन्ट्रास्ट’ असतं. मावशी, वॉर्डबॉय, बाहेर बसलेले नातेवाईक सगळे त्याला डाय म्हणतात. अंगावर रंगाचा टिपूस नाही. नितळ, किंचित दाट. थंड झाला की तो आणखी घट्ट होतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला अंगाइतकं कोमट करून ठेवतात.

त्याचा जीव आयोडीनमध्ये आहे. आयोडीन क्ष-किरणांना अडवतं, त्यामुळे डाय ज्या रक्तवाहिनीत, ज्या गाठीत पोचेल, ती चित्रात उजळते. सीटी स्कॅनर बनवणाऱ्या हाउन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या पेशंटचा मेंदू पाहिला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये. डायचं घराणं त्याहून जुनं. १९२३ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी उपदंशाच्या रोग्यांना दिलेल्या सोडियम आयोडाइडमुळे एक्स-रेमध्ये मूत्राशय दिसत असल्याचं जगापुढे मांडलं, तेव्हा या घराण्याचा उदय झाला.

आधीची पिढी तापट होती. रक्ताच्या मानाने ती फारच तीव्र. शीर जाळायची, पेशंटला ओकाऱ्या व्हायच्या. टॉर्स्टेन आल्मेन या स्वीडिश रेडिओलॉजिस्टनं १९६०च्या दशकाच्या शेवटी वेगळा विचार केला. खाऱ्या समुद्रात पोहताना डोळे चुरचुरतात, कमी खाऱ्या पाण्यात ते सुखावतात. मग रक्ताला सोसेल असा डाय का बनवू नये? आज आपल्या शिरेत जातो तो या सौम्य पिढीतला. मला या माणसाबद्दल फार कृतज्ञता वाटते. त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही.

सौम्य असला तरी डाय गुपचूप येत नाही. हातात आधी सुई लावलेली असते. पंप त्याला सेकंदाला दोन ते चार मिलिलिटर या वेगानं आत ढकलतो आणि घशापासून ओटीपोटापर्यंत उष्णतेची लाट उतरते. तोंडात धातूची चव येते. आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस शरमेनं आकसून जातो, बायका तर फारच. नेमका त्याच वेळी ‘श्वास रोखा’ असा आवाज येतो आणि हललं तर चित्र बिघडतं. लघवी झालेली नसते. लाट मिनिटभरात ओसरते. एवढं एक वाक्य आधी कानावर पडलं तर पेशंटचं निम्मं भय जातं. ते सांगणं सेंटरचं काम आहे, आणि राहून गेलं तर सोबत आलेल्याचं.

पोटाचा स्कॅन असेल तर अनेकदा डायचा पातळ केलेला अवतार साधारण लिटरभर पाण्यातून प्यावा लागतो, तास-दीड तासात, घोट घोट. घाई केली तर मळमळतं.

भेटीपूर्वी डायचे काही प्रश्न असतात आणि त्यांत तो कुणाचीही भीड ठेवत नाही. क्रिएटिनिन किती? कारण तो शरीराबाहेर पडतो तो मूत्रपिंडांतून. ती धड असतील तर दिवसभरात जवळजवळ सगळा निघून जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? मूत्रपिंड थकलेलं असेल तर ती गोळी थांबवावी लागते. कधी आणि किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. दमा आहे? थायरॉइड वाढलेला आहे? दिवस गेले असण्याची शक्यता? पूर्वी डाय दिल्यावर पुरळ किंवा धाप? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. कोकणातली मंडळी मात्र विनाकारण धास्तावतात: कोळंबी खाल्ली की पित्त उठतं, मग आयोडीन कसं चालेल? कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. तरी सांगावी; ऐकणाऱ्याला उपयोगी पडते.

प्रतीक्षाकक्षात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते पहाटेच्या एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या माणसांचं. सगळ्या प्रश्नांना त्यांचं उत्तर ‘नाही’. परत पाठवतील, पुन्हा भाडं पडेल, मुलाचा खाडा होईल, या भीतीनं ते दमाही गिळून टाकतात आणि उपाशी यायचं असताना घेतलेले सकाळचे चहा-पोहेही. त्यांना रागावून काय उपयोग? खरं सांगितलं म्हणून स्कॅन रद्दच होतो असं नाही, हे त्यांना समजावणारं कुणी हवं. कधी आदल्या दिवसापासून स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन काम होतं, कधी चार तास थांबून. कधी डायशिवायही भागतं. मुतखडा पाहायला तर बहुधा त्याची गरजच नसते.

म्हणून आदल्या दिवशी सेंटरला फोन करा. उपाशी किती तास राहायचं, पाणी चालेल का, बीपीची गोळी घ्यायची का, हे विचारून घ्या. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका. त्यांच्या वतीनं खरं सांगणारं कुणीतरी सोबत द्या.