जादा आकार पडेल

मुंबईच्या माणसाला समुद्र पाहण्यासाठी मुंबई सोडावी लागते, हे परगावच्या पाहुण्याला चटकन पटत नाही. पण चौपाटीवर पाणी थोडे आणि माणसे फार, अशी अवस्था असल्यामुळे सुट्टी लागली की आम्ही मंडळी कोणी अलिबागेस, कोणी मुरुडास, तर कोणी थेट तारकर्लीस धावतो. उत्तरेची वाट त्या मानाने अजून कमी मळलेली आहे. वास्तविक एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल जाऊ लागली, आणि एवढ्याशा भाड्यात माणसाला दुसऱ्या मुलखात नेऊन सोडणारी अशी गाडी मुंबईच्या आसपास दुसरी नसेल. सफाळे, केळवे रोड, पालघर करीत गाडी बोईसरचे कारखाने ओलांडते, वाणगावला शेतांतून हिरवी मिरची दिसू लागते, आणि डहाणू आले की चिकूच्या वाड्या.

चिकूच्या झाडाला आंब्याचा दिमाख नाही आणि माडाचा डौल नाही. गोल, गर्द, बाराही महिने हिरवे असे हे गृहस्थी झाड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी इथे जमिनी घेऊन या वाड्या उभ्या केल्या. कालीपत्ती जातीचा इथला चिकू आता नावाने ओळखला जातो; ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. डहाणूपासून घोलवड-बोर्डीपर्यंत एका बाजूस या वाड्या, दुसऱ्या बाजूस सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. ओहोटीला तो इतका दूर जातो की पाय भिजवायलाही बरीच पायपीट करावी लागते. केंद्र सरकारने १९९१ च्या जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला आणि कारखान्यांवर मर्यादा घातल्या, म्हणून ही शांतता इतकी वर्षे टिकली. वाढवणच्या बंदराची कोनशिला ऑगस्ट २०२४ मध्ये बसली आहे. तेव्हा ज्यांना ही किनारपट्टी पाहायची आहे त्यांनी फार वर्षे वाट पाहू नये, एवढेच सुचवतो.

आम्ही २०२५ च्या नाताळच्या सुट्टीत गेलो, ते आत्यासाठी. माझी आत्या जन्मभर बालवाडीत शिकवीत होती आणि तरुणपणी, १९७० च्या सुमारास, कोसबाडला वर्षभर राहिली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, हे वाचकांना ठाऊकच आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली; गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. आत्याला ती टेकडी पुन्हा एकदा पाहायची होती. मात्र तिची अट होती : खर्च तिचा. “तुम्ही मला नेत नाही आहात, मी तुम्हांला नेते आहे,” असे तिने माझ्या पत्नीला बजावले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. तिने दहा हजार रुपये मोजून पाकिटात घातले, वर ‘डहाणू’ असे लिहिले, आणि ते पिशवीच्या तळाशी ठेवले.

हॉटेलशी बोलणे फोनवरून झाले होते. दोन रात्री, एक मोठी खोली, माणसे चार. “दिवसाला अठ्ठावीसशे, साहेब. सगळे आले त्यात,” असा खुलासा झाला. गाडी दहाला पोचते, तेव्हा खोली मिळेल ना, असे विचारले, तर “या की, खोली तयारच आहे” असे उत्तर आले. हे हॉटेल मी नावाने सांगणार नाही. त्यात काही राक्षस राहत नव्हते. खोली स्वच्छ होती, पापलेट ताजे होते आणि पडवीतून सुरूचा आवाज रात्रभर ऐकू येत होता.

निघताना बिल आले. आत्या पाकीट घेऊन माझ्याआधीच कौंटरपाशी जाऊन उभी राहिली होती. बिलाची पट्टी हातभर लांब होती. दोन रात्रींचे भाडे ५६०० रुपये, ते ठीक. जादा गादीचे रोज ५०० प्रमाणे १०००. ‘सुविधा आकार’ माणशी २५०, म्हणजे चौघांचे १०००. ही सुविधा म्हणजे मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद, ज्याच्याकडे आमच्यापैकी कोणी फिरकलेही नव्हते. खोली वेळेआधी घेतल्याबद्दल ७००. जेवणखाण ३२००, त्यावर दहा टक्के सेवा आकार ३२०. पाण्याच्या चार बाटल्या, छापील किंमत वीस आणि लावलेली चाळीस, म्हणजे १६०. या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी ५९९. एकूण बारा हजार पाचशे एकोणऐंशी. आमच्या हिशेबाने भाडे, जेवण आणि कर मिळून ९२४० व्हायला हवे होते.

पाकिटातल्या नोटा मोजून झाल्या आणि अडीच हजारांहून अधिक कमी पडले. आत्याने पिशवीचा दुसरा कप्पा उघडला, मग तिसरा. चुरगळलेल्या शंभराच्या दोन नोटा, औषधांची चिठ्ठी, रेल्वेचा पास. मी पुढे झालो, तर ती हळूच म्हणाली, “थांब रे, आहेत माझ्याकडे.” नव्हते. मागे दोन कुटुंबे रांगेत उभी होती. जिने तीसेक वर्षे शाळेच्या बालखाऊचा पैन् पै हिशेब ठेवला, तिला परक्या लोकांसमोर आपला हिशेब चुकला असे वाटावे, ही गोष्ट मला त्या तीन हजार तीनशेएकोणचाळीस रुपयांपेक्षा जड गेली. हिशेब तिचा चुकला नव्हता.

मी कौंटरवरच्या तरुणाशी वाद घातला. निष्पन्न इतकेच की सेवा आकार त्याने खोडला आणि त्यावरचा करही काढला. “बाकीचे मालकाच्या हातात आहे, साहेब. संगणकातच तसे घातले आहे.” तो खोटे बोलत नव्हता. चहा आणून देणारा पोरगा गंजाडच्या बाजूचा होता. सेवेच्या त्या पैशांचे त्याला काय मिळते, असे मी आदल्या संध्याकाळीच सहज विचारले होते. “आमाला काय नाय मिलत,” असे म्हणून तो हसला होता.

सेवा आकाराबद्दलचा नियम सांगून ठेवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढल्या की उपाहारगृहांनी हा आकार बिलात आपणहून घालू नये. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे, आणि दुसरे कुठले नाव देऊनही तो वसूल करू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आधी स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. पाण्याच्या बाटलीचे मात्र उलट आहे. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला छापील किमतीहून अधिक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले, कारण तिथे नुसती बाटली नव्हे तर टेबल, खुर्ची आणि वाढप्याची सेवाही विकली जाते. कायदेपंडितांना हे पटते. मला अर्धेच पटते. आमच्या बाटल्या खोलीत आल्या होत्या आणि आम्ही त्या पलंगावर बसून प्यायलो. करापुरते म्हणाल तर सरकारकडे बोट दाखवायला आता फारशी जागा नाही. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे.

आधी थोडी किंमत सांगायची आणि गिऱ्हाईक पुढे आले की एकेक थेंब वाढवीत जायचे, या खोडीलाही केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले आहे. फसव्या युक्त्यांचे जे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत, त्यांतला हा एक. अमेरिकेत ‘रिसॉर्ट फी’ नावाने हेच चालत असे. तिथेही १२ मे २०२५ पासून हॉटेलांनी सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत सांगावी, असा नियम लागू झाला. म्हणजे डहाणूचा आमचा हौद आणि लास व्हेगासचा हौद यांचे पाणी एकच.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला या शब्दांचे वेड आहे, ते वाचकांनी सोसावे. आपल्या भाषेत वरच्या पैशाला केवढी नावे! वरताळा, सवाई, दिढी, पट्टी, वरखर्च, अधिभार, उपकर. चौथाईवर सरदेशमुखीचा दशांश घेणारे आपणच. आणि गंमत अशी की चौथाईचा उगम याच बाजूचा आहे. दमणचे पोर्तुगीज आपल्या मुलखाला उपद्रव होऊ नये म्हणून शेजारच्या रामनगरच्या राजाला वसुलाचा हिस्सा देत, त्याला चौथ म्हणत. रामनगर म्हणजे पुढचे धरमपूर. १६७२ मध्ये रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तोच हक्क दमणकरांकडे मागितला. डहाणूही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होते, ते वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांकडे आले. चौथाईत एक सचोटी होती असे मी म्हणेन : आकडा नावातच सांगितलेला असे.

ज्या आकाराचा आकडा सांगितला जात नाही, त्याची खरी कहाणी या तालुक्यांत हॉटेले येण्याच्या कितीतरी आधी घडून गेली. कोसबाडच्या उतारावर बसून आत्याने ती माझ्या मुलीला सांगितली. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वारली कुटुंब सावकाराकडून खावटी आणी, आणि पीक निघाल्यावर वाढीसकट फेडी. लग्नासाठी थोडे पैसे घेतले की तो नवरामुलगा लग्नगडी होई, म्हणजे फिटेपर्यंत सावकाराच्या शेतावर राबायचे, आणि बायकोनेही राबायचे. फिटले केव्हा हे वही सांगणार. वही सावकाराची, आणि गड्याला अक्षर येत नाही. “आम्ही त्यांच्या पोरांना आकडे शिकवायचो ना,” आत्या म्हणाली, “तर आया दारात उभ्या राहून ऐकायच्या.”

आमच्या बिलाची याच्याशी बरोबरी करणे वेडेपणाचे होईल. आम्ही हात धुऊन मोकळे झालो, ते पिढ्यान् पिढ्या सुटले नाहीत. तलासरीकडच्या झरी गावी, तेव्हा तो उंबरगाव तालुका होता, मे १९४५ मध्ये वारली जमले आणि वेठ करणार नाही असे म्हणाले. त्याच साली गवतकापणीला पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. मागणी पाहा : दर आधी ठरवा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक, ज्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी या बाजूला येण्याआधी वाचावे. कागदावर वेठबिगारी देशातून गेली ती १९७६ च्या कायद्याने.

कोसबाडहून आम्ही तलासरीला गेलो. पर्यटनाच्या पुस्तकांत तलासरीचे नाव क्वचित दिसते. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर गुजरातच्या सीमेअलीकडचे, ट्रकांच्या धुरातले हे गाव. पण गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय इथे आहे आणि दुपारी त्यातून बाहेर पडणाऱ्या पोरीपोरांचे घोळके पाहायला आत्या रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी होती. चिकू विकणाऱ्या एका बाईकडून तिने दोन वाटे घेतले. बाईने वर दोन चिकू टाकले, न मागता. हेही वरच; फक्त दिशा उलटी.

जेवायला रस्त्यालगतच्या एका खानावळीत बसलो. पत्र्याचे छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर तेलकट झालेला फळा : ‘थाळी १२०. जादा भाकरी १५. जादा भाजी ३०. पापड १०. पाणी मोफत. अर्धी थाळी मिळणार नाही.’ आत्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग वाढप्याला हाक मारून तिने एक भाकरी जादा मागवली, आणि चौघांचे पैसे जेवण येण्याआधीच मोजून टेबलावर ठेवले.